'खडीचा जिल्हा' आणि त्यात मागाहून पाडलेला पाऊस

मंगळवारी सकाळी तू गेलीस. तुझी भाची सुजाता हिनं फोन केला. मी गॅस बंद केला, दाराला कुलूप लावलं आणि रिक्षानं दवाखान्यात आले. तोवर तुला खाली आणलं होतं.

वच्छी, तुझं गाव, तुझं शिक्षण, तुझे पुरस्कार, हे सगळं पेपरात येऊन गेलं. मी ते पुन्हा लिहीत नाही. पेपरात तुझं नाव 'वत्सलाताई' होतं आणि फोटोत तू शालीखाली दबली होतीस. ती बाई मला ओळखीची वाटली नाही. मी जिला ओळखते ती सत्काराची शाल शाळेच्या खिडकीला पडदा म्हणून लावायची आणि सत्काराच्या नारळाची चटणी करून डब्यात आणायची. "खा गं. समितीनं दिलेली चटणी हाय, हिला तिखट कमीच असतंय."

जलदानविधी तुझ्या गावात झाला. भन्तेजी थोडं बोलले, तुझ्या भावानं सगळ्यांना जेवू घातलं, तुझ्या शाळेतल्या पोरी ओळीनं बसून जेवल्या. त्याबद्दल मला काही म्हणायचं नाही. मला म्हणायचं आहे ते लातूरच्या शोकसभेबद्दल.

शोकसभेत मी तिसऱ्या रांगेत बसले होते. पहिले वक्ते म्हणाले, वत्सलाताईंनी कोवळ्या मनांवर संस्कारांचा पाऊस पाडला. दुसरे म्हणाले, त्यांच्या कादंबरीतल्या शेवटच्या पानावरचा पाऊस म्हणजे मराठवाड्याच्या आशेचं प्रतीक आहे. तिसरे निवृत्त प्राध्यापक होते. त्यांनी डोळे मिटून तो शेवटचा परिच्छेद पाठ म्हणून दाखवला. काळे ढग, मातीचा वास, नाचणारी मुलं, आणि मुलांना पाण्याचं महत्त्व सांगणारे गुरुजी. लोकांनी शोकसभा आहे हे विसरून टाळ्या वाजवल्या. तू शेजारी असतीस तर माझ्या मांडीला चिमटा काढला असतास. मी उठून बाहेर आले. बाहेर टेबलावर पाण्याच्या बाटल्यांचा ढीग होता.

तो परिच्छेद तुझ्या हातचा असला तरी तुझा नाही, हे फक्त मला माहीत होतं, असं मला तेव्हा वाटलं.

तू कंटाळशील, पण पुस्तक न वाचलेल्यांसाठी मला एकदा सांगू दे. बहात्तरच्या दुष्काळात तुझे आई-वडील देवणीजवळच्या खडी केंद्रावर दगड फोडायला जायचे. तुम्ही पोरी तिथंच, फोडलेल्या खडीच्या ढिगावर. एकदा काम बघायला उस्मानाबादहून कलेक्टर आले, कारण तेव्हा लातूर जिल्हा व्हायचा होता आणि आपला सगळा मुलूख उस्मानाबादेत होता. जीपमधून उतरले, तुमच्या ढिगापाशी उभे राहिले, पाणी प्यायले, गेले. तुझी मैत्रीण गंगी हिनं मुकादमाला विचारलं, हे कोण. मुकादम म्हणाला, जिल्ह्याचे मालक. गंगी म्हणाली, एवढंच काम असेल तर आपण पण जिल्हा करू.

मग तुम्ही त्या ढिगाचा जिल्हा केलात. गंगी कलेक्टर, कारण चपला फक्त तिच्याकडे होत्या, त्याही दोन्ही डाव्या पायाच्या. तू तहसीलदार. कलेक्टरीण ढिगावर उभी राहणार, तहसीलदार तिला तांब्यातून पाणी देणार. पाणी नसेल तर रिकामा तांब्या देणार, आणि कलेक्टरीण तो तोंडाला लावून, तोंड पुसून म्हणणार, "पाणीपुरवठा समाधानकारक."

ही 'खडीचा जिल्हा'. मुलांसाठी लिहिलेल्या इतक्या पुस्तकांवर मी शाळेची ग्रंथपाल म्हणून शिक्के मारले, पण एवढ्या हसऱ्या आणि एवढ्या खऱ्या पुस्तकावर शिक्का मारायची वेळ पुन्हा आली नाही.

तिचा शेवटही सांगते, तू लिहिला होतास तो. काम संपतं. ट्रक येतात आणि ढीग भरून न्यायला लागतात, कारण खडी रस्त्यासाठीच होती. गंगी ट्रकपुढे उभी राहते आणि म्हणते, जिल्ह्याबाहेर माल न्यायला परवानगी लागते. ड्रायव्हर खाली उतरतो, टोपी काढतो, तळहात पुढे करतो आणि म्हणतो, "कलेक्टरीणबाई, सही करा." गंगी कोळशानं त्याच्या तळहातावर सही करते. जिल्हा ट्रकात बसून निघून जातो. मोकळ्या जागेवर पोरी उभ्या राहतात.  मग गंगी म्हणते, "जिल्हा गेला. मग आता तालुका करू."

पाऊस नाही. गुरुजी नाहीत. संपलं.

तू हे मला पहिल्यांदा सांगितलंस ते नांदेडच्या हॉस्टेलवर. आपण डी. एड. करत होतो आणि त्याच वर्षी लातूरचा नवा जिल्हा झाला. रेक्टरबाईंच्या रेडिओवर बातमी लागली. सगळ्या पोरी व्हरांड्यात जमून टाळ्या वाजवत होत्या, आणि तू पायरीवर बसून हसून हसून बेजार.

"काय झालं हसायला?"

"आमचा तर कवाच झाला होता. दहा वर्षं झाली. ट्रकात घालून नेला."

मी तुला ते लिही म्हटलं. तू म्हणालीस, "लिव्हते. पर शुद्ध तू करायचं, पाटलीन." कंधारला आमची जमीन होती म्हणून मी पाटलीन. आम्ही पाटील नव्हतो, हे तुला चांगलं माहीत होतं. चाळीस वर्षं मी ते ऐकलं. आता मला त्या नावानं हाक मारणारं कुणी नाही. एवढ्याचं मला इतकं वाईट वाटेल, हे ठाऊक नव्हतं.

तू नोकरीला लागल्यावर लिहायला बसलीस आणि तुझी ती पद्धत सुरू झाली. शनिवारची सकाळची शाळा. सहावी-सातवीच्या पोरी. तू कागद घेऊन वाचायला बसायचीस आणि ऐन मध्यात, वाक्य अर्धं टाकून, कागद मांडीवरून बाजूला ठेवून उठायचीस. व्हरांड्यातल्या माठाकडे जायचीस, पाणी प्यायचीस, पेला धुवायचीस, पालथा घालायचीस. तहान नसायची तुला. मागं एखादी पोर "मग?" म्हणते का, एवढंच ऐकायचं असायचं. म्हणाली, तर प्रकरण राहिलं. नाही म्हणाली, तर तू परत येऊन त्यांना पाढे म्हणायला लावायचीस आणि ते प्रकरण संध्याकाळी चुलीत जायचं. किती पानं गेली तशी. मी हळहळायचे. तू म्हणायचीस, "लेकरायला नको तं तुला कामून पाहिजे?"

वच्छी, एवढी सोपी कसोटी होती. मग?

पुण्याच्या त्या संपादकांकडे आपण गेलो तेव्हा पुस्तक या कसोटीतून पूर्ण पार पडलेलं होतं. संपादकांनी चहा दिला. पुस्तकांच्या मधोमध बसलेला स्वच्छ माणूस. त्यांनी विचारलं, "कुठल्या तुम्ही?"

"देवणीकडची."

"देवणी म्हणजे ती गाईंची?"

"हाव. गाई पण तिथल्या, मी पण तिथली."

ते हसले नाहीत. मी चहात बघत राहिले. मग त्यांनी तुझे कागद पुढे ओढले आणि तासभर ते आपल्याला मुलांसाठी कसं लिहावं ते सांगत राहिले. त्यांनी स्वतः मुलांसाठी एक ओळ लिहिलेली नव्हती, आणि मला वाटतं, त्यांनी एखाद्या मुलाशी दहा मिनिटं बोलूनही बघितलं नसावं. म्हणाले, भाषा प्रमाण हवी, नाहीतर पुण्या-मुंबईच्या मुलांना कळणार नाही. पुण्या-मुंबईच्या मुलांना चेटकिणींची, राक्षसांची आणि बोलणाऱ्या सशांची भाषा कळते, देवणीच्या पोरीची कळत नाही. म्हणाले, मुलांच्या गोष्टीत एखादं समंजस मोठं माणूस हवं. तू म्हणालीस, "सर, त्या केंद्रावर समंजस मोठं माणूस असतं तर केंद्र कामून लागलं असतं?" म्हणाले, नवा जिल्हा नुकताच झाला आहे, लोक आनंदात आहेत, अशा वेळी प्रशासनाची थट्टा बरी दिसत नाही. आणि मग ते वाक्य बोलले. ते ऐकून मला त्यांचा राग येणं थांबलं आणि दुसरं काहीतरी सुरू झालं, ते अजून चालू आहे.

"मला एक पटत नाही. दुष्काळात मुलं इतकी हसतात? पोटात अन्न नसताना खेळ कसा सुचेल?"

तू अगदी हळू आवाजात सांगितलंस, "सर, पोट भरलेलं असतं तर झोपलो असतो की."

त्यांनी ते लिहूनही घेतलं नाही. पेन्सिलीनं शेवटच्या पानावर रेघ मारली आणि म्हणाले, "इथं पाऊस पडू द्या. वाचक मुलाला आशा देऊन निरोप द्यावा. गुरुजी येऊन दोन शब्द बोलले तर फारच छान."

या लोकांना काय हवं असतं, याचा मी आयुष्यभर विचार केला आहे. ग्रंथपालाला वेळ असतो. त्यांना मूल नको असतं. त्यांना पाहुण्यांसमोर बसवता येईल असं, हातपाय धुतलेलं, एक प्रश्न विचारून उत्तर संपेपर्यंत मान हलवणारं काहीतरी हवं असतं. त्याला ते बालवाचक म्हणतात. मी खऱ्या वाचकांची पुस्तकं परत घ्यायचे, त्यामुळे मला माहीत आहे. मुलांनी वाचलेल्या पुस्तकाच्या कडेला बोटांचा मळ लागतो, तेलाचे डाग पडतात, मध्येच चिंचोका निघतो. पुस्तक उभं धरून बघितलं की तो काळपटपणा सरळ दिसतो. बक्षीस मिळालेल्या पुस्तकांत तो बोधाच्या पानाआधी थांबतो. पुढची पानं कोरी करकरीत. इतकी वर्षं ही माहिती आमच्या कपाटांत पडून आहे. एकाही संपादकानं येऊन पुस्तक उभं धरून बघितलं नाही.

परत येताना लातूरच्या बसस्टँडवर आपण नांदेडच्या गाडीची वाट बघत होतो. तू भजी खाता खाता म्हणालीस, "देते त्याला पाऊस."

मला वाटलं, तू चेष्टा करतेस.

"वच्छी, तुला लाज नाही वाटत?"

"वाटते की. पर लाज काय छापून येते का? पुस्तक न्हाई आलं तं पोरीच्या हातात काय देऊ? तू शुद्ध केलेली फुलस्केपं?"

"शेवट बदलला तर ते तुझं पुस्तक राहणार नाही."

"पाटलीन, शेवट कुठं असतोय तेच तुला कळून न्हाई राहिलं."

मी त्याला पळवाट समजले. घरापर्यंत तुझ्याशी बोलले नाही. तू अर्ध्या तासात तो परिच्छेद लिहून टाकलास, आणि एवढा वाईट लिहिलास की संपादक खूश झाले. मी तुझ्या जुन्या शेवटाचे कागद जपून ठेवले. तू "टाक ते" म्हणालीस, मी टाकले नाहीत. त्यावरून आपण किती वर्षं भांडलो, वच्छी. पुरस्कार मिळाला तेव्हा भांडलो. दुसरी आवृत्ती निघाली तेव्हा मी तुला म्हटलं, आता तुझं नाव आहे, आता त्यांना सांग. तू म्हणालीस, "सांगून काय व्हतंय? त्यायला पावसाची सवय लागली." मी म्हटलं, तू विकली गेलीस. तू मला गवारीच्या शेंगा मोडायला बसवलंस.

मधल्या काळात देवणी खरोखरच तालुका झाली. त्या दिवशी तू माझ्या शाळेत फोन केलास. शिपाई धावत मला बोलवायला आला, मी घाबरून फोन घेतला. तू फक्त म्हणालीस, "बघ. केला का न्हाई पोरींनी तालुका?" आणि ठेवून दिलास. उदगीरहून तुझ्या गावाकडे जाणाऱ्या एसटीत बसलं की तू ड्रायव्हरला सांगायचीस, "दादा, हळू. आमच्या जिल्ह्यावरून चालवून राहिला तू." त्या रस्त्याच्या पोटात तुमची खडी होती. ड्रायव्हर मागं वळून बघायचे आणि मला, तुझ्याबरोबरच्या शहाण्या बाईला, डोळ्यांनी विचारायचे. मी खिडकीबाहेर बघायचे.

मग गेल्या वर्षी तो एजंट आला. सुजाता, तुझ्या भावाची मुलगी, नांदेडजवळ विष्णुपुरीला तिच्या घरी कॉम्प्युटर लावून बसली होती, मध्ये तू, कडेला मी. सुजातानं सांगितलं, आत्या, हे लिटररी एजंट आहेत, दिल्लीचे, मूळचे मराठीच. तू विचारलंस, "कशाचे एजंट? विम्याचे का जमिनीचे?" ती म्हणाली, पुस्तकांचे. हे पुस्तक इंग्रजीत नेतील. तू पदर सावरून बसलीस.

पडद्यावर तरुण मुलगा होता. फार आदरानं बोलत होता. मला वाटलं, चला, हा तरी पाऊस काढायला सांगेल. आणि त्यानं पहिल्याच वाक्यात तो काढायला सांगितला. मी तुझ्याकडे जिंकल्यासारखं बघितलं. मग तो पुढं बोलायला लागला. पाऊस खोटा वाटतो, म्हणाला, पण त्याचबरोबर मुली जरा जास्तच हसतात. बाहेरच्या तरुण वाचकाला वेदना थेट पोचायला हवी. निवेदक मुलीची जात पहिल्या पानावर यावी, पहिल्या ओळीत आली तर उत्तमच. बोलीतले काही शब्द तसेच ठेवावेत, म्हणजे अस्सल वाटेल. एकानं तुझी बोली पुसली होती, हा ती दागिन्यासारखी वर चिकटवायला निघाला होता. दोघांनाही ती ऐकायची नव्हती.

"आणि गंगीचं शेवटी काय होतं?" त्यानं विचारलं. "म्हणजे, ती वाचते का?"

"न्हाई, तिला वाचायला येत नव्हतं."

"तसं नाही मॅडम. जगते का? कारण दुष्काळाच्या गोष्टीत एक मृत्यू असला तर…"

तू चष्मा काढलास. "गंगीनं काय वाईट केलं तुमचं? कोण मेलेलं पाहिजे तुम्हाला? मी तर अजून जित्ती हाय."

सुजातानं तोंडावर हात धरला. पोरगा गोंधळला, पण चिकाटीचा होता. त्याला वाटलं, गंगी नाही तर निदान अपमान तरी मिळेल. म्हणाला, "तुमच्या लहानपणीच्या, कॉलेजच्या काही आठवणी घालता येतील. म्हणजे, वरच्या जातीतल्या मैत्रिणीच्या घरी तुम्हाला वेगळा कप वगैरे…"

तुझ्या शेजारी मी बसले होते. त्याला मी दिसत नव्हते.

तू माझ्याकडे बघितलं नाहीस. म्हणालीस, "तिच्या घरी कपच नव्हते हो. पितळ्या होत्या. समद्यायलाच चटका बसायचा."

कंधारच्या आमच्या घरी कप होते, वच्छी. आणि तुला दिलेला कप आईनं नंतर कुठं ठेवला, ते तू बघितलं होतंस आणि मीही. आपण त्यावर कधी बोललो नाही. तू ते पुस्तकात घातलं नाहीस, भांडणात काढलं नाहीस, आणि त्या दिवशी विकलंही नाहीस. मी तुझे आभार मानायला हवे होते. मी म्हटलं, "जेवायला चल." तू म्हणालीस, "चल, लई भूक लागली." राहिलंच ते.

गंगीचं खरंच काय झालं, तुला माहीत नव्हतं. खडीचं काम संपल्यावर तिच्या घरचे हैदराबादला गेले आणि परत आले नाहीत. तू हैदराबादला गेलीस की बाजारात तुझ्या वयाच्या बायकांच्या पायांकडे बघायचीस. त्या एजंटला हे सांगितलं असतंस तर त्याला हवं ते सगळं मिळालं असतं. तू सांगितलं नाहीस. मीही हे इथं लिहावं का, याचा चार दिवस विचार केला. लिहिलं, कारण तू तिला मारायला नकार दिलास, हे लोकांना कळावं.

तू गेल्यावर आठवड्यात दोघांचेही निरोप आले. पुण्याच्या त्या प्रकाशनात आता संपादकांचे चिरंजीव बसतात. त्यांना स्मृती-आवृत्ती काढायची आहे, मी प्रस्तावना लिहावी, 'विशेषतः शेवटच्या पावसाबद्दल'. एजंटनं सुजाताला लिहिलं, मॅडमच्या जाण्यानं पुस्तकाला एक वेगळं परिमाण मिळालं आहे, हीच योग्य वेळ आहे. त्याला एक मृत्यू हवा होता, तो मिळाला.

सुजातानं मला विचारलं, "मावशी, पुस्तक आता माझ्या नावावर आहे, पण मला नाही ठरवता येत. पाऊस ठेवून छापू द्यायचं का? नाही दिलं तर आत्याचं पुस्तक बंदच होईल."

तिचा प्रश्न बरोबर होता. तू बसस्टँडवर हेच म्हणाली होतीस. त्या रात्री मी तुझ्या बाजूनं विचार करून बघितला, तुझ्याशी भांडायची सवय असल्यामुळे अवघड गेलं. पोरींच्या हातात पाऊस असलेलं पुस्तक बरं, की काहीच नसलेलं?  मग तुझ्या गावच्या शाळेतून निरोप आला की बाईंची पुस्तकं कपाटात आहेत, ती घरी न्यायची का, आणि मी शनिवारी गेले.

निवृत्तीनंतरही तू दर शनिवारी तिथं वाचायला जायचीस, हे मला माहीत होतं. काय वाचतेस ते मी कधी विचारलं नव्हतं. भांडण नको म्हणून.

हेडमास्तरांनी कपाट उघडून दिलं. 'खडीचा जिल्हा'च्या प्रती एका कप्प्यात होत्या, पहिल्या आवृत्तीपासूनच्या. मी सवयीनं एक उभी धरली. कडेला बोटांचा मळ शेवटपर्यंत होता, अगदी मागच्या पुठ्ठ्यापर्यंत. असं मी कधीच बघितलं नव्हतं. मग उघडून बघितलं. पावसाचं पान मागच्या पुठ्ठ्याला चिकटवलेलं होतं. दुसरी प्रत उघडली, तिसरी उघडली. सगळ्यांत तसंच. गव्हाच्या पिठाची खळ. वर्षानुवर्षं तू एकेक प्रत घेऊन बसली असणार. खळीनं कसर लागते, पानं खातात किडे, हे मी तुला सांगितलं असतं, म्हणून तू मला सांगितलं नसशील. काही प्रतींत कोपरे कुरतडलेलेच होते, आणि तिथून 'काळे ढ' एवढं दिसत होतं.

सातवीच्या पोरी दारात येऊन उभ्या होत्या. मी एकीला विचारलं, "हे पान असं का गं?"

"ते असंच असतंय बाई."

"त्याच्यात काय आहे?"

"काही न्हाई त्याच्यात."

"मग गोष्ट अर्धीच राहते की."

तिनं माझ्याकडे जरा कीव आल्यासारखं बघितलं. "राहत न्हाई. बाई सांगायच्या. आम्हाला येती." आणि तिनं तिथंच दारात, चौकटीला टेकून, ट्रक, ड्रायव्हर, कोळसा, सही, सगळं सांगितलं. शब्द तुझेच होते, माझ्या फुलस्केपांवरचे. दोन ठिकाणी तिनं सुधारणा केली होती. ट्रकाऐवजी हायवा म्हणाली, आणि ड्रायव्हरला टोपीऐवजी गॉगल काढायला लावला. ऐन मध्यात, गंगी काही बोलायच्या आत, ती थांबली, व्हरांड्यात गेली आणि पाणी पिऊन आली.

मी म्हटलं, "मग?"

पोरी हसल्या. तुझ्यासारखी परीक्षा घेतली त्यांनी माझी, आणि मी पास झाले.

नव्या खोलीच्या बांधकामासाठी मैदानात वाळूचा ढीग पडला आहे. मधल्या सुट्टीत एक पोर त्यावर उभी होती. दुसरीनं तिला प्लास्टिकची रिकामी बाटली दिली. तिनं ती तोंडाला लावली, तोंड पुसलं आणि काय म्हणाली, ते मी तुला सांगायला नको. या वर्षीही तुझ्या गावाला टँकर सुरू आहे.

त्या दिवशी मला कळलं, तू बसस्टँडवर शेवटाबद्दल काय म्हणाली होतीस. संपादकांना पाऊस हवा होता, तो तू दिलास आणि खळीनं चिकटवून टाकलास. मी तुला इतकी वर्षं घाबरट समजले, आणि तू मला समजावून सांगायचे कष्टही घेतले नाहीस. तुझ्यावर त्याचा रागही आहे माझा. शिल्लकच राहील तो.

मी चिरंजीवांना कळवलं की प्रस्तावना लिहीन, पाऊस काढून मूळ शेवट छापणार असाल तर. त्यांचा फोन आला. अतिशय नम्र आवाजात म्हणाले, पुरस्कारप्राप्त मजकुरात बदल करणं संस्थेच्या धोरणात बसत नाही, आणि लेखिकाही आता परवानगी द्यायला नाहीत. मी म्हटलं, लेखिकेनं परवानगी पहिल्या दिवशीच दिली होती, तुमच्या वडिलांनी तिच्यावर पेन्सिलीनं रेघ मारली. ते म्हणाले, विचार करू. म्हणजे करणार नाहीत. सुजातानं त्यांना नकार लिहिला. एजंटला तिनं एकच ओळ लिहिली, मला न विचारता: 'गंगी जिवंत आहे.' तुझी भाची आहे.

'खडीचा जिल्हा' आता बाजारात मिळत नाही. पुन्हा निघेल असं वाटत नाही. मूळ शेवटाचे कागद मी शाळेत दिले. पोरींनी ते बघितले आणि कपाटात ठेवले, त्यांना त्यांची गरज नव्हती. कपाटातल्या प्रतींचं शेवटचं पान चिकटवलेलं आहे. शेवट पोरींना येतो.